कलाकार-हजेरीची सेवा : मराठवाड्यात पैसे कुठं वसूल होतात, कुठं बुडतात

सराफी दुकानाचं उद्घाटन, गणेश मंडळाची आरती, दहीहंडी, दांडिया, नाहीतर क्लासचा गुणगौरव. तारीख ठरली की लातूर-नांदेडपासून गेवराई-उदगीरपर्यंत आता पहिला प्रश्न हाच निघतो, ‘कुणाला आणायचं?’ तो सोडवून देणारी सेवा बाजारात चांगली रुळली आहे. संभाजीनगर आणि पुण्यातले इव्हेंटवाले, कलाकारांचे मॅनेजर आणि मधले समन्वयक मिळून ती चालवतात. व्हॉट्सॲपवर पीडीएफ येते. तिच्यात फोटो, नाव, मालिका, इन्स्टाग्रामचे फॉलोअर आणि मानधन. एका नावावर बोट ठेवायचं, ॲडव्हान्स पाठवायचा, तारीख पक्की. हे परीक्षण कुठल्या एका एजन्सीचं नाही, या सबंध सेवेचं आहे, आणि मराठवाड्यातल्या गिऱ्हाइकासाठी लिहिलं आहे.

माणूस गावात आणून उभा करण्यापर्यंत ही सेवा बऱ्यापैकी काम करते. ती तोकडी पडते ती निवडीत. कारण त्या पीडीएफमध्ये एक रकाना कधीच नसतो : लोक या माणसाला जीव का लावतात, किंवा याचं नाव काढलं की तोंड का वाकडं करतात. फॉलोअरचा आकडा किती जण ओळखतात एवढंच सांगतो. ओळखणारे सगळेच काही मायेनं बघत नसतात. दुकानदाराला गर्दी हवी असते खरी, पण ती गर्दी घरी जाताना दुकानाचं नाव चांगल्या तोंडानं घेईल का, हे त्या कलाकाराच्या तासाभराच्या वागण्यावर ठरतं.

पैशाचा हिशेब आधी

साध्या पॅकेजात ४५ मिनिटं ते २ तासांची हजेरी येते. त्यात फीत कापणं, दीपप्रज्वलन, स्टेजवर १५-२० मिनिटं, दोन शब्द आणि मालकाच्या घरच्यांसोबत फोटो. आधी टाकायचा ३० सेकंदांचा ‘मी येतोय, तुम्हीही या’ व्हिडिओ काही ठिकाणी धरलेला असतो, काही ठिकाणी वेगळा. नाच, गाणं, स्किट हे हजेरीत नसतं, त्याचे पैसे निराळे. पहिल्याच फोनवर हे विचारून घ्यावं, कारण ‘आलाय तर एक गाणं होऊन जाऊ द्या की’ असं स्टेजवरून माईकवर म्हणणं हा कलाकाराला गर्दीसमोर वाईट ठरवण्याचा सगळ्यात सोपा मार्ग आहे. तो नाही म्हणतो, त्याच्या मॅनेजरनं तसंच सांगितलेलं असतं, आणि लोकांना तो शिष्ट वाटतो. चूक संयोजकाची, राग कलाकारावर.

सांगितलेलं मानधन बहुतेक वेळा सुटं असतं. २ लाख मानधन धरलं तर १८ टक्के जीएसटीचे ३६ हजार वर. ज्यांना टीडीएस कापणं बंधनकारक आहे त्यांनी १० टक्क्यांप्रमाणे २० हजार कापून भरायचे, आणि बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर ही कपात मूळ २ लाखांवरच होते. म्हणजे खिशातून जातात २ लाख ३६ हजार, कलाकाराच्या बाजूला पोचतात २ लाख १६ हजार, २० हजार सरकारात. यावरून शेवटच्या क्षणी हॉटेलच्या लॉबीत वाद होतात. ‘पूर्ण पैसे आले नाहीत’ म्हणत मॅनेजर कलाकाराला खोलीतून सोडत नाही आणि खाली मंडपात लोक ताटकळतात. हिशेब ॲडव्हान्स देतानाच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवावा.

यात प्रवास-मुक्काम मिळवा. कलाकारासोबत मेकअपवाला, मॅनेजर, कधी अंगरक्षक, म्हणजे ३-४ माणसं आणि दोन-तीन खोल्या. मराठवाड्यात नेहमीचं विमान मिळतं ते संभाजीनगर आणि नांदेडला. बीड, लातूर, परभणी, हिंगोलीचं शेवटचं अंतर गाडीनंच कापायचं. समृद्धी महामार्गामुळं जालना-संभाजीनगरवाल्यांचं काम हलकं झालं, बीड-लातूरवाल्यांचं नाही. पुण्याहून लातूर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. मॅनेजर नकाशावर बघून सांगतो तो वेळ धरू नये. जेवण, डिझेल, मेकअप धरून दोन तास वाढवावेत. सकाळी पुण्यात शूटिंग आणि संध्याकाळी लातूरला हजेरी असा बेत दिसला तर तारीख बदला, कलाकार बदला, पण तो बेत घेऊ नका.

कुठला चेहरा इथं चालतो

हिंदीतला जुना चेहरा आणला तर लोक बघायला येतात, दोन फोटो काढतात, घरी जातात. त्याच्याकडून कुणाची फार अपेक्षा नसते, म्हणून राग नाही आणि लोभही नाही. दागिन्यांच्या मोठ्या दालनाला तेवढं पुरतं. मंडळाला पुरत नाही.

मालिकेतल्या नायिकेची गोष्ट वेगळी. १९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी लिहून ठेवलं की पडद्यावर नेमानं दिसणाऱ्या माणसाशी प्रेक्षकाचं एकतर्फी पण खऱ्यासारखं नातं जुळतं, शेजाऱ्याशी जुळावं तसं. लातूरच्या गंजगोलाईत साडी घ्यायला आलेल्या बाईला हे पुस्तकातून कळायची गरज नाही. संध्याकाळी कुकर लावून ती ज्या सुनेकडं बघते ती सून तिच्या घरातलीच असते. म्हणून तिला बघायला बायका लेकरांना घेऊन येतात आणि हाक मारतात ती पात्राच्या नावानं. इथं जी अभिनेत्री हसून ‘ओ’ देते ती जिंकली. ‘माझं खरं नाव अमुक आहे’ असं जिनं सुनावलं तिनं शेजारीण होण्याचं नाकारलं. ठरवताना मॅनेजरला हे सरळ विचारावं : पात्राच्या नावानं हाका आलेल्या मॅडमना चालतात का?

यात दोन खाचा आहेत. पात्राचं नाव, त्याचा वेश आणि मालिकेचा लोगो सहसा वाहिनीच्या किंवा निर्मात्याच्या हक्कातला असतो. तो फ्लेक्सवर छापायचा तर लेखी परवानगी घ्यावी, नाहीतर छापून झालेला फ्लेक्स उतरवावा लागतो. दुसरी खाच म्हणजे मालिका संपली की ही शेजारीण लोकांच्या घरातून उठून जाते. तीन महिन्यांनंतरची तारीख असेल तर तोवर मालिका चालू राहणार का, याची चौकशी करा.

मालिकेत वाईट भूमिका करणाऱ्यांना लोक टाळतात असा एजन्सीवाल्यांचा समज दिसतो, तो अर्धाच बरोबर. निळू फुले यांचं उदाहरण मराठी माणसाला सांगायला नको. पडद्यावरच्या पाटील-सरपंचाला बायकांनी मनापासून शिव्या घातल्या. तोच माणूस डॉ. श्रीराम लागूंसोबत सामाजिक कार्यकर्त्यांना मदत करणाऱ्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी गावोगाव नाटक घेऊन फिरला तेव्हा लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. भूमिका आणि माणूस वेगळे करायला प्रेक्षक तयार असतो, फक्त त्याला माणूस दिसावा लागतो. खलनायिका आणायची असेल तर तिला दोन मिनिटं नाही, दहा मिनिटं बोलू द्या. दोन मिनिटांत खलनायिकाच दिसते.

आमच्या मते मराठवाड्यात पैसे सगळ्यात जास्त वसूल होतात ते विनोदी कलाकारात. स्वतःवर हसून घेतलेला माणूस परका वाटत नाही. पण इथं भाषेचा मोठा खड्डा आहे. मकरंद अनासपुरे यांनी मराठवाड्याची बोली पडद्यावर नायकाच्या तोंडी नेली. त्यांचा नायक गावंढळ बोलतो म्हणून बावळट ठरत नाही, उलट समोरच्या शहाण्याला तोच गुंडाळतो. हसू माणसावर नाही, प्रसंगावर येतं. याच्या उलट, पुण्या-मुंबईचा एखादा विनोदवीर स्टेजवर आल्याबरोबर ‘लई भारी’, ‘काय रं भावा’ सुरू करतो तेव्हा पुढच्या चार रांगा गप्प होतात. त्यांना कळतं की आपण बोलतो ती भाषा याला सोंग वाटते. त्यात मराठवाड्याची बोली काही एक नाही. लातूर-नांदेडकडं ‘येऊलालाय’, ‘करूलालाय’ ऐकू येतं, जालना-संभाजीनगरकडं ‘भौ’ आणि ‘कामून’. लातुरात कोल्हापुरी रांगडेपणा आणला की पहिल्या वाक्याला उघडं पडतं. कलाकाराला आधीच सांगा : तुमची नेहमीची साधी मराठी बोला. लोक त्यावर खूश असतात.

रील स्टार स्वस्त पडतो असं वाटतं. पण त्याची गर्दी पोरांची, ती खुर्च्यांवर उभी राहते, आणि जिथं खुर्च्या मोडतात तिथं बायका थांबत नाहीत. साड्यांच्या, भांड्यांच्या, सराफी दुकानासाठी हा सौदा तोट्याचा. मोबाईलच्या दुकानाला, जिमला, कॅफेला चालतो.

तरी याच वर्गातून आलेल्या सूरज चव्हाणला २०२४ च्या ‘बिग बॉस मराठी’मध्ये लोकांनी जिंकून दिलं, ते का, हे समजून घेण्यासारखं आहे. शिक्षण कमी, बोलताना अडखळणं, गरिबी, यातलं काही त्यानं झाकलं नाही. खेळताना मात्र तो मागं हटला नाही. या दोन गोष्टी एकत्र लागतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरनसन यांनी १९६६ साली एक साधा प्रयोग केला. प्रश्नमंजुषेत हुशार ठरलेल्या माणसाच्या हातून कॉफी सांडल्याचं ऐकल्यावर तो लोकांना जास्त आवडला, आणि बेताच्या माणसाकडून तीच कॉफी सांडली तर तो आणखी नावडता झाला. म्हणजे चूक किंवा उणेपणा माणसाला जवळ आणतो, पण आधी त्याचं काहीतरी कर्तब दिसलेलं असावं लागतं. नुसती मोडकी भाषा आणि नुसता भोळेपणा विकणारे चेहरे पीडीएफमध्ये ढिगानं असतात. त्यांचं कर्तब काय, हे एका वाक्यात सांगता येईना तर पुढचं पान उलटा.

लावणीच्या कार्यक्रमाबद्दल थोडंच. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत पिढ्यान्‌पिढ्या लावणी आणि तमाशा बघितलेला प्रेक्षक या भागात आहे. त्याला अदा आणि नुसते हातवारे यातला फरक कळतो. बायकांसाठी वेगळी बैठक, वेगळं दार आणि पक्कं बॅरिकेडिंग याची तयारी नसेल तर हा कार्यक्रम घेऊच नये.

अडचणीच्या दिवसांत आलेला माणूस

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच वर्षी आमिर खान यांच्या पाणी फाउंडेशनची गावागावांतली जलसंधारणाची पहिली वॉटर कप स्पर्धा तीन तालुक्यांत झाली, वरुड, कोरेगाव आणि आपलं अंबाजोगाई. पुढच्या वर्षी ती ३० तालुक्यांत गेली, २०१८ ला ७५. पाण्याची रेल्वे आली त्याच्या आदल्या वर्षी, २०१५ ला, नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी नाम फाउंडेशन उभं केलं आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरी मदत पोचवली. बीडजवळ पालवणला सयाजी शिंदे यांनी सह्याद्री देवराई लावली.

या चौघांचे स्वभाव सारखे नाहीत. नानांचा तिरसटपणा तर सगळ्यांना माहीत आहे. तरी इथं त्यांच्याबद्दल बोलताना आवाज मऊ होतो, कारण ते लग्नसराईच्या दिवसांत आले नाहीत, टँकरच्या दिवसांत आले. आणि एकदा येऊन गेले नाहीत, परत आले. मागं काहीतरी दिसणारं राहिलं, बांध, चर, झाड. नटाबद्दल ‘आपला माणूस’ हा शब्द मराठवाड्यात या वाटेनं मिळतो. नुसतं इथं जन्माला येऊनही तो पुरता मिळत नाही. रितेश देशमुख बाभळगावचे, लातूरकरांना त्याचा अभिमान आहेच, पण तो टिकतो तो माणूस गावी येतो, राहतो, ओळख ठेवतो म्हणून.

संयोजकाला यातून उचलता येण्याजोगी एक गोष्ट आहे. हजेरीच्या आधी किंवा नंतर अर्धा तास जिल्हा परिषदेच्या शाळेत, रक्तदान शिबिरात, नाहीतर तालुक्याच्या वाचनालयात ठेवा. करारातच लिहा, ऐनवेळी मागितलं तर नकार येतो. तिथं फ्लेक्स नको, दुकानाचं नाव नको, एक मोबाईल कॅमेरा पुरे. पाच कॅमेरे लावले की मास्तरांपासून पोरांपर्यंत सगळ्यांना कळतं की ही जाहिरात आहे, आणि केलेलं पाण्यात जातं.

लोक कशानं बिथरतात

उशीर हे पहिलं कारण. मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो. पाचची वेळ दिलेली, कलाकार नऊला येतो, आणि दहाला लाऊडस्पीकर बंद करावाच लागतो, कारण रात्री १० ते सकाळी ६ हा नियम आहे आणि सवलतीचे दिवस मोजके. म्हणजे चार तास बसलेल्या बाईला एक तास मिळतो, त्यातला अर्धा पुढाऱ्यांच्या भाषणात. ती रागावणार नाही तर काय करणार? उपाय असा : कार्डावर वेळ ७ ची छापा, कलाकाराला करारात ५:३० चं गावात पोचणं लिहा, आणि भाषणं तो यायच्या आधी उरका. तो आल्यावर माईक फक्त त्याच्याकडं आणि सूत्रसंचालकाकडं.

दुसरं कारण बाउन्सर. मंडपात एका पोराला दिलेला धक्का कलाकाराच्या खात्यावर जमा होतो. लोक म्हणत नाहीत की त्या एजन्सीच्या माणसानं ढकललं, म्हणतात ‘लई माज हाय त्याला’. बाहेरून आणलेल्या बाउन्सरसोबत गावातले चार ओळखीचे स्वयंसेवक ठेवा. म्हाताऱ्या माणसाला नावानं ‘दादा, थोडं मागं’ म्हणणारा गावचाच लागतो. स्टेज आणि पहिल्या रांगेत किमान आठ-दहा फूट मोकळे ठेवून बॅरिकेड लावा. स्टेजवर कोण चढणार याची यादी १५ नावांवर थांबवा, कारण कार्यकर्ते चढत राहिले की कलाकार मागं सरकतो, दिसेनासा होतो, आणि स्टेजवर भार येतो तो वेगळाच धोका.

सेल्फीची रांग लावा. मोकळं सोडलं की दोनशे हात एकदम येतात आणि मग कितीही प्रेमळ माणूस असला तरी हात झटकतो. तेवढे दोन सेकंदच व्हिडिओत येतात. एका बाजूनं शिरायचं, दुसऱ्या बाजूनं उतरायचं, फोटो एकाच फोटोग्राफरनं काढायचे आणि रात्री ग्रुपवर टाकायचे. मिनिटाला पाच-सहा माणसं आरामात होतात, म्हणजे २० मिनिटांत शंभरावर लोक समाधानानं घरी जातात.

आता फेटा. ही वस्तू जवळून बघावी. सत्कारातली शाल आणि नारळ कुणाच्या ध्यानात राहत नाही, फेटा राहतो. कापड आठ-नऊ मीटरचं. हातसराव असलेला बांधणारा तीन-चार मिनिटांत पिळे बसवतो, तुरा उभा करतो, शेमला पाठीवर सोडतो. तेवढा वेळ कलाकार सगळ्यांसमोर मान स्थिर ठेवून बसलेला असतो आणि गर्दी त्याचं तोंड वाचत असते. केस तासभर बसून सेट केलेले, स्प्रे मारलेला, आत पिना. पहिला पिळा पडला की त्याच्या कपाळाला आठी येते, नजर मॅनेजरकडं जाते. फोटो झाला की दोन्ही हातांनी फेटा उचलून तो मागच्या माणसाकडं देतो. त्याच्या मनात अपमान करायचा काही नसतो, केस चिकटलेले असतात एवढंच. पण खाली बसलेल्या पागोट्यातल्या माणसानं ते बघितलेलं असतं. ‘दोन मिनिटं बी डोक्यावर ठेवला नाही.’ मग त्या माणसानं पुढं कितीही गोड भाषण केलं तरी ते ऐकलं जात नाही.

हे टाळणं अगदी सोपं आहे. फेटा बांधणार असल्याचं आठ दिवस आधी मॅनेजरला कळवा. डोक्याचं माप मागवून तयार बांधलेला फेटा ठेवा, किंवा बांधणाऱ्याला हॉटेलवर पाठवा, म्हणजे मेकअपवाला केस त्या हिशेबानं बसवतो आणि कलाकार गाडीतून फेट्यासकटच उतरतो. अभिनेत्रीला अंबाडा खाली बांधायला सांगावं लागतं. नको म्हणाली तर आग्रह धरू नका, संभाजीनगरची हिमरू शाल द्या. बाजारातली चमकी शाल देण्यापेक्षा ती बरी. सूत्रसंचालकानं ती इथंच विणली जाते एवढं सांगितलं की कलाकारालाही बोलायला एक वाक्य मिळतं.

बोलण्याचंही असंच. ‘काय लातूरकर, कसे आहात?’ यावर आता टाळी पडत नाही. कलाकाराच्या हातात गाडीत बसतानाच एक कागद द्या, मोठ्या अक्षरात पाच ओळींचा : गावाचं नाव नीट उच्चारासह, ग्रामदैवत, गावाची एक अभिमानाची गोष्ट, यजमानांचं नाव, आणि काय बोलू नये. परळीत वैजनाथ, अंबाजोगाईत योगेश्वरी, लातुरात सिद्धेश्वर. १७ सप्टेंबरचा कार्यक्रम असेल तर मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा उल्लेख पहिल्या वाक्यात हवा. १९४८ ला हैदराबादच्या निजामाच्या राज्यातून हा भाग सुटला तो हा दिवस, आणि बाहेरून आलेल्या माणसाच्या तोंडून तो निघाला की लोक मान वर करून ऐकतात. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं २०२३ पासून अधिकृत आहेत, पत्रिकेवर जे छापलं तेच स्टेजवर बोललं जाईल हे बघा.

शेवटचं कारण सगळ्यात खोल जातं, कलाकारानं याआधी काय विकलं ते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन रमीच्या जाहिराती करणाऱ्या चेहऱ्यांबद्दल इथं खरा संताप आहे. ज्या घरातल्या पोरानं मोबाईलवर बापाचे पैसे घालवले त्या घराला तो चेहरा विसरता येत नाही. २०२५ च्या कायद्यानं असे खेळ आणि त्यांच्या जाहिराती दोन्ही बंद झाल्या, पण जुने व्हिडिओ फिरतच राहतात. नाव पक्कं करण्याआधी त्या कलाकाराच्या नावापुढं ‘जाहिरात’ आणि ‘वाद’ हे दोन शब्द टाकून शोधा, आणि त्याच्या ताज्या दहा पोस्टखालच्या प्रतिक्रिया वाचा. अर्धा तास लागतो. कुठलीही पीडीएफ देणार नाही ती माहिती तिथं मिळते. गेल्या सहा महिन्यांत तो कुणा पुढाऱ्याच्या प्रचारात दिसला का, हेही बघून ठेवा, कारण मग गावाचा निम्मा भाग तुमच्या दुकानाकडं त्या नजरेनं बघतो.

हीच काळजी उलट बाजूनंही घ्यायला हवी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी चेहऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. म्हणून चांगला मॅनेजर तुमच्या ‘शंभर टक्के गॅरंटी’, ‘महिन्यात वजन कमी’ अशा वाक्यांना कलाकाराला हात लावू देत नाही. त्यावर भांडू नका, तो शहाणपणा करतो आहे.

करार आणि फसवणूक

हजेरी म्हणजे जाहिरात नव्हे. उद्घाटनाचा फोटो चौकातल्या होर्डिंगवर सहा महिने लावायचा हक्क हजेरीच्या पैशात येत नाही. किती दिवस, कुठं, कुठल्या माध्यमात, हे करारात लिहून घ्या.

‘शूटिंग लागलं’ म्हणून तारीख रद्द होणं नेहमीचं आहे. अशा वेळी एजन्सी बदली चेहरा देऊ करते. फ्लेक्सवर एक आणि स्टेजवर दुसरा असं झालं की लोकांना तुम्ही फसवल्यासारखं वाटतं, म्हणून बदली घ्यायची की नाही हा अधिकार लेखी तुमच्याकडं ठेवा, आणि न घेतल्यास ७ दिवसांत पूर्ण ॲडव्हान्स परत. पैसे दोन हप्त्यांत मागतात, अर्धे आधी आणि अर्धे स्टेजच्या आधी. त्याऐवजी ३० टक्के बुकिंगला, ३० टक्के निघण्याच्या आदल्या दिवशी, ४० टक्के गावात पोचल्यावर असं ठरवून बघा. बरेच जण मान्य करतात.

खोटे मॅनेजर हा या सेवेचा सगळ्यात वाईट भाग. ओळख पटवायचा एक चांगला मार्ग आहे. कलाकाराच्या इन्स्टाग्राम खात्यावर कामासाठी दिलेल्या ईमेल किंवा नंबरवरून खात्री करा, आणि ॲडव्हान्सच्या आधी १५ सेकंदांचा व्हिडिओ मागा, ज्यात तो तुमच्या गावाचं नाव, तारीख आणि दुकानाचं नाव स्वतः घेईल. जो खरा आहे त्याला हे सहज जमतं. नावं न घेता ‘लवकरच भेटू’ एवढंच म्हटलेला जुना व्हिडिओ आला तर पैसे हलवू नका.

एकूण सेवेबद्दल सांगायचं तर पोचवणं-आणणं, मुक्काम, मेकअप यात ती पाचपैकी साडेतीन गुणांची आहे. निवडीच्या सल्ल्यात एकाचीच, कारण सल्ला देणाऱ्याचं कमिशन मानधनाच्या टक्क्यांवर असतं आणि महाग चेहरा त्याला नेहमीच योग्य वाटतो. साडी, सराफ, किराणा, क्लास यांनी मालिकेतला किंवा विनोदी कार्यक्रमातला मधल्या दराचा चेहरा घ्यावा आणि उरलेले पैसे पाणी, पंखे, सावली, खुर्च्या, जनरेटर आणि चांगला साउंड यावर घालावेत. माईक शिट्टी मारत असेल तर कुणीही आणला तरी फुकट.

आणि निघतानाचं ठरवून ठेवा. स्टेजवरून उतरला की कलाकार थेट काळ्या काचेच्या गाडीत बसतो आणि धुरळा उडवत जातो, तेव्हा मंडपात जागा न मिळालेले, रस्त्याच्या कडेला उभे असलेले, आजूबाजूच्या खेड्यांतून आलेले लोक त्याला बघतच नाहीत. करारात एक ओळ घाला : मंडपापासून मुख्य चौकापर्यंत गाडी पायी चालण्याच्या वेगानं, समोरच्या डाव्या सीटवर कलाकार, काच खाली, आतला दिवा चालू. पाच-सात मिनिटं जातात. ड्रायव्हरला हे निघायच्या आधी समोरासमोर सांगा, मॅनेजरमार्फत नको.